हाकेची जागा

माझा गळा चांगला नाही, हे दुसऱ्या कोणी म्हणायच्या आधी मीच सांगून टाकते. पण संडे स्कूलची गीतं मला जितकी येतात तितकी आमच्या चर्चमध्ये कोणालाच येत नाहीत, असं मी गेल्या महिन्यापर्यंत बिनदिक्कत सांगत फिरत होते. कडव्यांचा क्रम, कुठे टाळी, कुठे हात वर, सगळं मला पाठ. कोणी चुकलं की माझ्याकडे बघायची पद्धतच पडून गेली होती, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. डोळ्यांचे नंबर मालक काढतात, फ्रेम बसवायची ती मी. दांड्या वाकवायच्या, स्क्रू आवळायचे, नाकावरची रबरं बदलायची आणि गिऱ्हाइकाला समोर बसवून चष्मा सरळ बसलाय का ते बघायचं. इतकी वर्षं हेच केल्यामुळे कोणाचा चष्मा तिरका दिसला की माझे हात शिवशिवतात. एकदा बँकेच्या रांगेत पुढच्या अनोळखी गृहस्थांचा चष्मा मी त्यांना न विचारता सरळ केला होता. आमचे हे म्हणतात, "हिला चंद्र आणून दिला तरी म्हणेल, डावीकडून जरा खाली आलाय." हे ऐकून सगळे हसतात आणि त्यात मीही हसते.

आमचं संडे स्कूल चर्चच्या मागच्या छोट्या खोलीत भरायचं. बसक्या बाकांच्या चार ओळी आणि एक धड न लागणारी खिडकी. रविवारी सकाळी फरशी पुसलेली असायची, ती ओलसरच असायची आणि आम्ही पाय वर घेऊन बसायचो. भिंतीला लागून पायपेटी होती. खाली पायाने भाता मारायचा आणि वर पट्ट्या वाजवायच्या. शिकवणाऱ्या बाईंची उंची बेताची. पाय पोचावेत म्हणून त्या खुर्चीच्या अगदी टोकावर बसायच्या आणि जोरात भाता मारायला लागल्या की खुर्चीसकट पुढे सरकायच्या. गीत संपेपर्यंत त्या जवळजवळ पेटीत शिरलेल्या असायच्या. आम्ही हसून हसून बाकावरून खाली पडायचो आणि बाई खुर्ची मागे ओढून म्हणायच्या, "हं, आता दुसरं."

आमच्यात एक मुलगा होता, त्याचा आवाज इतका मोठा की त्याला सगळे भोंगा म्हणायचे. आता त्याचं डोकं पांढरं झालंय, औषधांचं दुकान आहे, नातू आहे, पण चर्चमध्ये तो अजून भोंगाच. चर्चचा की-बोर्डही तोच वाजवतो, तेही नुसतं ऐकून शिकलेला. आम्हा दोघांचं सगळ्यात लाडकं गीत कोकराचं.

कळपामधले कोकरू मी लहान,
वाट चुकले, नाही मला भान;
हाक मार तू, हाक मार तू,
धावत येईन, मेंढपाळा.

'कोकरू'ला दोन्ही हातांची बोटं कानांपाशी न्यायची, 'धावत'ला जागच्या जागी पळायचं. पहिली 'हाक मार तू' साधी आणि दुसऱ्या 'हाक'ला सूर एकदम खाली उतरायचा, विहिरीत पोहरा सोडावा तसा. ती जागा आली की अंगावर काटा यायचा. मुलाला लहानपणी ताप आला की मी हेच गीत म्हणत बसायचे. दुकानात स्क्रू आवळतानाही हेच. आता मालकांनाही ते तोंडपाठ झालंय आणि ते तर चर्चमध्ये कधी पाऊलही टाकत नाहीत.

तर, बाई आता खूप थकल्या आहेत. डोकं शाबूत, पण गुडघे गेले. त्यांच्या भाचीने त्यांना आपल्या गावी कायमचं न्यायचं ठरवलं. तेव्हा भोंग्याने ठरवलं की निरोपाच्या रविवारी उपासनेनंतर आम्ही सगळ्या जुन्या मुलांनी बाईंसमोर ती गीतं म्हणायची. शेवटी कोकराचं गीत. त्याचं पहिलं कडवं एकट्याने कोणीतरी म्हणायचं, मग सगळ्यांनी धरायचं.

"एकट्याने म्हणायला आवाज पाहिजे," भोंगा म्हणाला. "तुझा नको, माझा तर नकोच."

माझा मुलगा पटकन म्हणाला, "ही म्हणेल की. हिचा आवाज छान आहे."

ही म्हणजे माझी सून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. परक्या गावची मुलगी, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला जाते. येताना जाताना सांगून जाते, विचारलं तेवढंच बोलते. तिची आई लग्नाच्या दोन वर्षं आधी वारली. तीही त्यांच्या गावच्या चर्चमध्ये संडे स्कूल चालवायची, एवढं मला ठाऊक होतं. सून तिला मम्मी म्हणायची आणि मला आई. मम्मीचा विषय घरात ती स्वतःहून काढत नसे, आणि मीही कधी काढला नाही. तिला वाईट वाटेल म्हणून काढत नाही, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला त्यात फारसा रस नव्हता.

सुनेने आधी नाही म्हटलं. "मी नाही गायले बऱ्याच दिवसांत," म्हणाली. मुलाने आग्रह केला, मग कबूल झाली. गीत कोणतं ते ऐकल्यावर तिचा चेहरा खुलला. "हे आमच्याकडेही होतं," ती म्हणाली. मला बरं वाटलं. माझी सून सगळ्यांसमोर गाणार, म्हणजे थोडंफार मीच गाणार, असं माझ्या मनात होतं.

तालमीला आम्ही त्याच मागच्या खोलीत जमलो. बाक तेच, आता आमचे गुडघे हनुवटीला लागत होते. पायपेटी कोपऱ्यात होती, तिच्यावर फुलदाण्या ठेवल्या होत्या. भोंग्याने की-बोर्ड लावला. सून उभी राहिली, हात पुढे बांधून, डोळे मिटून. आणि काय सांगू, तो आवाज ऐकून खोली गप्प झाली. घरात भांडी विसळताना ती गुणगुणायची तेवढाच आवाज मी ऐकला होता. हा वेगळाच होता, भरलेला. पहिली 'हाक मार तू' झाली. दुसऱ्या 'हाक'ला तिचा सूर वर गेला.

मी टाळी वाजवली. "थांब, थांब! चुकलं!"

तिने डोळे उघडले.

"तिथे खाली यायचं," मी म्हटलं आणि हाताने दाखवलं. "पुन्हा घे."

तिने मान हलवली. पुन्हा घेतलं. पुन्हा त्याच जागी सूर वर चढला आणि मी पुन्हा टाळी वाजवली.

"आमच्याकडे वर जाते," ती हळूच म्हणाली.

"तुमच्याकडे जात असेल," मी म्हटलं. "तुमच्याकडे कोणी कसंही शिकवलं असेल. इथे बाईंची चाल आहे."

दोघंतिघं हसले. भोंगा म्हणाला, "अगं, जाऊ दे ना, पोरीने इतकं सुंदर म्हटलं," पण मी काही ऐकायला तयार नव्हते. मी उभी राहिले आणि चांगलं लांबलचक भाषण ठोकलं. म्हटलं, माणसं ओरडून हाक मारतात, देव तसा मारत नाही. देवाची हाक हळू असते, आत उतरते, म्हणून बाईंनी ती जागा खाली ठेवली आहे. अर्थ समजून गायचं असतं, नुसता गळा असून भागत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी "वा" देखील म्हटलं. सुनेचे कान लाल झाले होते. तिने तिसऱ्यांदा घेतलं आणि चाचपडत का होईना, पण खाली आली. मी म्हटलं, "शाब्बास."

घरी येताना हे आणि मी पुढे होतो, मुलगा आणि सून मागून येत होते. हे म्हणाले, "तिला तिच्या आईने शिकवलं असेल ते."

"म्हणून काय चुकीचं ते बरोबर होतं?" मी म्हटलं. मागच्यांना ऐकू जाईल का, याचा विचारही मला शिवला नाही.

पुढे निरोपाच्या दिवसापर्यंत मी हात धुऊन तिच्या मागे लागले. ती भाजी चिरत असली की मी दारात. "म्हण बघू." ती म्हणायची. 'हाक' आली की मी हात खाली दाखवायचे, "खाली, खाली." कपडे वाळत घालताना, लॅबला निघताना चप्पल घालता घालता. ती एकदाही कुरकुरली नाही. मी दुकानात मालकांना सांगत होते, सून गुणाची आहे हो, सांगितलेलं ऐकते. नंतर नंतर ती मी न सांगताही म्हणायला लागली, आणि तिचा सूर त्या जागी बिनचूक उतरायला लागला. मी अगदी कृतकृत्य झाले.

निरोपाच्या रविवारी तिने ते कडवं असं म्हटलं की मागच्या बाकांवरच्या बायकांनी डोळे पुसले. बाई पहिल्या रांगेत खुर्चीत बसल्या होत्या. ती जागा आली तेव्हा त्यांनी मान वर केली आणि त्यांना हसू फुटलं. ते हसू मी माझ्याच खात्यावर जमा केलं. मग आम्ही सगळ्यांनी धरलं, भोंगा त्याच्या आवाजात, आणि 'धावत'ला आम्ही सगळे म्हातारे जागच्या जागी पळालो. चहाच्या वेळी पाच जणांनी सुनेचं कौतुक केलं आणि प्रत्येकाला मी सांगितलं की आधी तिला येत नव्हतं, मी बसवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाई भाचीबरोबर आमच्या दुकानात आल्या. निघायच्या आधी नवा चष्मा करून घ्यायचा होता. भाची बाकीची कामं करायला गेली. मालकांनी बाईंना उंच स्टुलावर बसवलं, नाकावर नंबर तपासायची ती गोल चौकट चढवली, काही काचा घातल्या आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला म्हणून ते आत गेले. मी बाईंच्या पुढ्यात बसून फ्रेमचं माप घेत होते.

"काल मजा आली गं," बाई म्हणाल्या. "सून गोड गाते तुझी. पण खरं सांगू? मला हसू आवरत नव्हतं."

"का हो बाई?"

"ते 'हाक मार'! तुम्ही सगळे अजून तिथे खालीच जाता!"

मी म्हटलं, "जाणारच. तुमची चाल आहे." आणि मूर्खासारखं माझं ते भाषण त्यांना पुन्हा ऐकवलं. देवाची हाक हळू असते, आत उतरते, वगैरे वगैरे.

बाई ऐकत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या इतक्या हसल्या की चौकट नाकावरून घसरली आणि मी ती धरली.

"अगं, कसला देव आणि कसली हळू हाक! पेटीची ती पट्टी मुकी होती. दाबली की नुसती हवा यायची, फुस्स. चाल वरच जाते ती. हाक कधी खाली मारतात का? पण वर गेलं की पेटी गप्प, आणि पेटी गप्प झाली की तुम्ही सगळी पोरं गप्प व्हायची आणि एकमेकांकडे बघायची. मग मी आपलं खालच्या पट्टीवर वळवून घेतलं. तात्पुरतं. पेटी दुरुस्त झाली की नीट शिकवीन म्हटलं होतं. ती कुठली दुरुस्त होतेय! राहूनच गेलं ते."

मी हातातली मोजपट्टी टेबलावर ठेवली.

"बाई," मी म्हटलं, "माझी सून वर गेली होती."

"काल? काल तर खालीच आली."

"तालमीत. दोनदा वर गेली. तिच्या आईने तिला तसं शिकवलं होतं. मी तिला दुरुस्त केलं."

"म्हणजे, नंतर सांगितलंस?"

"नाही. मध्येच थांबवलं."

"घरी?"

"सगळ्यांसमोर," मी म्हटलं.

बाईंनी चौकट काढली आणि मांडीवर ठेवली. चष्म्याशिवाय त्यांना माझा चेहरा नीट दिसत नव्हता, तरी त्या माझ्याकडेच बघत राहिल्या.

"तुला मी कधी थांबवलं होतं का गं, गाताना?"

नव्हतं थांबवलं. कधीच नाही, आणि कोणालाच नाही. एकदा पालक जमले होते आणि मी पहिलं कडवं सोडून थेट तिसरंच सुरू केलं होतं. बाई पापणीही न हलवता माझ्या मागोमाग तिसऱ्यावर आल्या आणि हळूच मान फिरवून सगळ्या वर्गाला तिसऱ्यावर घेऊन आल्या. मी चुकले हे मला घरी गेल्यावर आईने सांगितलं. तोवर मी खुशीत होते. इतकी वर्षं मी बाईंच्या टाळ्या लक्षात ठेवल्या, हातवारे लक्षात ठेवले, एका मुक्या पट्टीमुळे पडलेली खोट लक्षात ठेवली, आणि ही एवढी मोठी गोष्ट तेवढी सोयीस्करपणे विसरले. मला शरम वाटली. मालक बाहेर आले आणि म्हणाले, "झालं का माप?" तेव्हा मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

"मी येऊ का तुझ्याकडे?" बाई म्हणाल्या. "मी सांगते तिला. चूक माझीच आहे मुळात."

"नको," मी म्हटलं. "मीच सांगते."

हे मी धीटपणाने म्हटलं असं कोणाला वाटेल. तसं नव्हतं. बाईंनी सांगितलं तर सून त्यांच्या तोंडून ऐकेल, आणि मी बाजूला उभी असेन, ते मला नको होतं. आपलं झाकता येईल तेवढं झाकावं, एवढाच विचार त्यात होता.

दुपारी मी मालकांना सांगून लवकर निघाले. रस्ताभर मनात एकच चाललं होतं. गप्प बसलं तर? बाई उद्या जाणार. भोंग्याला ठाऊक नाही. सुनेला ठाऊक नाही. ती तर आता छान खाली गाते, लोक कौतुक करतात, घरात भांडण नाही की तंटा नाही. कशाला उगाच उकरून काढायचं? मी फळांच्या दुकानापाशी थांबले आणि चांगले पेरू निवडून घेतले. तिला पेरू आवडतात. पिशवी हातात घेतल्यावर लक्षात आलं की मी लाच घेऊन चालले आहे, आणि माझी मलाच किळस आली. पण पेरू परत कोण घेणार? तशीच पिशवी घेऊन घरी आले.

सून लॅबमधून आली होती. आत भांडी विसळत होती आणि गात होती. तेच गीत. मी दारात चप्पल काढता काढता ऐकत राहिले. 'हाक' आली आणि सूर खाली उतरला, साफ, न अडखळता.

"आई, आलात? चहा ठेवू?" तिने मान वळवली. "आता तर मला तसंच येतं. झोपेतही चुकणार नाही."

मी पिशवी ओट्यावर ठेवली. बसलेही नाही. बसले असते तर बोलणं झालं नसतं.

"तू चुकली नव्हतीस," मी म्हटलं. "तालमीत तू म्हटलंस तेच बरोबर होतं. आमचंच सगळ्यांचं चुकीचं आहे."

मग मी सगळं सांगितलं. मुकी पट्टी, फुस्स हवा, तात्पुरतं वळवलेलं, राहून गेलेलं. सांगताना मी एकदा हसून बघितलं, म्हटलं तीही हसेल आणि मामला तिथल्या तिथे मिटेल. ती हसली नाही. तिने नळ बंद केला.

"म्हणजे मम्मी बरोबर शिकवायची," ती म्हणाली.

"हो."

"नक्की ना?"

"बाईंनीच सांगितलं. वरच जाते."

ती टॉवेलला हात पुसत राहिली. हात कोरडे झाले तरी पुसत राहिली.

"मला वाटलं, मम्मीला येत नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात ना, तुमच्याकडे कोणी कसंही शिकवलं असेल. सगळे हसले. मला वाटलं, ती इतकी वर्षं गावातल्या पोरांना चुकीचं शिकवत होती आणि कोणी तिला सांगितलंही नाही. मला तिची लाज वाटली, आई. मेलेल्या माणसाची. मी रोज तुमचं म्हणायचे ना, ते त्याचसाठी. मम्मीची चूक कोणाला दिसू नये म्हणून."

जन्मात कोणाच्या पाया पडावंसं मला वाटलं नव्हतं, तेव्हा वाटलं. ती माझ्या मुलाच्या वयाची.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "फार चुकलं."

तिने "असू दे" म्हटलं नाही. मी त्याचीच वाट बघत होते, म्हणून माझ्या ते लक्षात आलं. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि हलक्या आवाजात सुरुवात केली. कळपामधले कोकरू मी लहान. वाट चुकले, नाही मला भान. पहिली 'हाक मार तू' झाली. दुसऱ्या 'हाक'ला तिचा आवाज खाली उतरला.

ती थांबली. "नाही, नाही," स्वतःशीच म्हणाली. पुन्हा घेतलं. पुन्हा खाली. तिसऱ्यांदा तिने त्या जागेआधी श्वास घेतला, डोळे मिटले, मान वर केली, आणि आवाज वर गेला खरा, पण कुठेतरी भलतीकडेच लागला आणि तुटला.

"असं नव्हतं," ती म्हणाली. "ती वर गेल्यावर तिथून काहीतरी करायची. लगेच खाली येत नव्हती. तिथेच जराशी फिरायची आणि मग 'तू'वर यायची. ती गेल्यापासून मी म्हटलंच नव्हतं हे गीत. त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं आणि आपोआप आलं."

"आपण बाईंना विचारू," मी घाईने म्हटलं. "अजून गेल्या नाहीत त्या. आत्ता टॅक्सीने जाऊ. त्यांच्याकडे छापील चाल असेल, भोंग्याला वाजवायला लावू."

"ते बाईंचं असेल," ती म्हणाली. "मला मम्मीचं पाहिजे."

तिच्या माहेरी कोणाकडे काही रेकॉर्ड केलेलं असेल का, मी विचारलं. नव्हतं. मम्मी फोनसमोर गायला लाजायची. त्यांच्या गावची पोरं? ती पोरं पोरांसारखी गायची, ती फिरत मम्मीची एकटीची होती. मी विचारत गेले आणि ती नाही म्हणत गेली, अजिबात न रागावता. तिने रागवावं, एखादं भांडं आपटावं, असं मला वाटत होतं.

मग तिला एकदम काहीतरी सुचलं. ती वळली, माझा दंड धरला. लग्न होऊन आल्यापासून तिने मला असं कधी धरलं नव्हतं.

"आई, त्या दिवशी मी म्हटलं होतं की! बरोबर म्हटलं होतं, दोनदा. तुम्ही तर इतक्या लक्ष देऊन ऐकत होतात. तुम्हाला गीतं लगेच पाठ होतात. वर गेल्यावर मी काय केलं होतं? नुसतं गुणगुणून दाखवा, कसंही. मला आठवेल."

तिचे डोळे माझ्या तोंडावर होते. ती खरोखर वाट बघत होती, मला ते येत असणारच अशी.

"मला नाही माहीत," मी म्हटलं. "तू वर गेलीस की मी टाळी वाजवली. पुढचं मी तुला गाऊच दिलं नाही."